यादी न वाचता

माझी आत्या भित्री आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. कुलूप लावल्यावर ती तीनदा ओढून बघते. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात कॉम्प्युटर सांभाळते. तिथेही तेच; यादी वाचल्याशिवाय काही पुसत नाही, म्हणून सगळे तिला 'यादीबाई' म्हणतात.

तिनं सी भाषेत स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो फोल्डर उघडतो, आतली नावं एकेक करून छापतो आणि आत आणखी फोल्डर सापडला की त्यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावतो. असा पार तळापर्यंत जातो. दरवर्षी दहा वर्षांपूर्वीचे फोटो काढून टाकायचे असले की आत्या आधी यादी छापते, पेन्सिल घेऊन वाचते, मगच छापण्याच्या ओळीखाली पुसण्याची ओळ घालते.

त्या दुपारी डिस्क भरली. बाहेर बाकावर पेशंट ताटकळलेले. मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "बाई, यादी राहू द्या आज." आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा यादी न वाचता पुसायला घेतलं.

जुनी नावं भराभर वर सरकत होती. मग एकदम आजची तारीख दिसली. मग पुन्हा आजचीच.

तिनं प्रोग्रॅम थांबवला. रोजची नक्कल संध्याकाळी निघायची, म्हणजे आजच्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि आजच्या फोटोंत माझ्या बाबांच्या छातीचा फोटो होता. सकाळीच काढलेला. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं.

प्रोग्रॅम जुन्यातून आजच्या फोल्डरमध्ये शिरला कसा, हे तिनं आधी शोधलं. बाबांच्या जुन्या फोल्डरमध्ये एक लिंक होती, रोजचे नवे फोटो जिथे येतात त्या चालू फोल्डरकडे थेट नेणारी. प्रोग्रॅमला लिंक आणि खरा फोल्डर यांतला फरक कळत नव्हता. दार दिसलं की आत शिरायचं, एवढंच तिनं त्याला शिकवलं होतं. लिंक कुणी केली? तीन वर्षांपूर्वी, तिनंच. दादाचा, म्हणजे माझ्या बाबांचा, जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघता यावा म्हणून. नंतर पार विसरून गेली. यादी वाचली असती तर पेन्सिल तिथेच थांबली असती.

मग तिनं चालू फोल्डरची यादी काढली. पुसायची ओळ काढली आहे ना, हे चारदा बघितलं. नावं कुठल्याच क्रमानं येत नाहीत, त्यामुळे शेवटपर्यंत वाचणं भाग होतं. सकाळच्या एकवीस जणांपैकी आठच उरले होते. आठवं नाव बाबांचं.

"मी हसले गं," आत्या मला म्हणाली. "तेराजणांचे फोटो गेले होते, आणि मी खुर्चीत बसून हसले. त्या हसण्याची मला अजून भीती वाटते."

मोठ्या डॉक्टरांना सांगून ती बाहेर आली. रिपोर्टची वाट बघत बाकावर एक आजी बसल्या होत्या. पडून कंबरेला जबर मार लागलेला; सकाळी फोटोसाठी दोघांनी धरून उभं केलं तेव्हा त्यांचं ओरडणं आत्याच्या खोलीपर्यंत आलं होतं.

आत्या त्यांच्यासमोर खाली बसली. "आजी, पुन्हा एकदा उभं राहावं लागेल. चूक माझी आहे."

आजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग एक्स-रेच्या दाराकडे, आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.