नमुन्याचं हळकुंड

‘निर्बंध’ हा शब्द तुम्ही कधी मोडून पाहिला आहे का?

आमचे चाचा हळकुंड मोडून पाहायचे. सांगलीच्या ज्या पेढीवर मी बिलं टाइप करायचो, तिथे ते माल पारखत. पोत्यात हात घालायचा, हळकुंड कानाजवळ धरून कट्कन मोडायचं, आतला रंग उजेडात न्यायचा. कुणी आधीच भाव बोलला की म्हणायचे, "आदी मोडून बघ, मग बोल." माघारी सगळे त्यांना ‘मोडके चाचा’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. चहाचा कप फुटला की ते स्वतःच हात वर करायचे.

पेढीची हळद इराणला जायची. तिकडचा व्यापारी दोनदा आष्ट्याला चाचांच्या घरी जेवून गेला होता. अमेरिकेचे इराणवरचे निर्बंध कडक झाले तसा माल थांबला, फोन चालू राहिले. एका सकाळी फोन ठेवून चाचा माझ्या टेबलाशी आले. व्यापाऱ्याच्या सात वर्षांच्या नातीला फिट्स यायच्या आणि तिच्या गोळ्या तिकडे मिळेनाशा झाल्या होत्या. आपल्याकडे त्या चौकातल्या दुकानात होत्या.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चाचांनी सहा महिन्यांच्या गोळ्या खोक्यात भरल्या, वर ओळखीसाठी एक हळकुंड ठेवलं. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीने देशाचं नाव वाचून खोकं परत सरकवलं.

"औषदाला बंदी हाय का, बाई?"

"नाही, चाचा. पण सिस्टीम घेत नाही."

तीन ठिकाणी हेच उत्तर. कागदावर औषधाला सूट आहे. ती सूट खोक्याला कुठेच भेटली नाही. बँक अमेरिकेच्या दंडाला भिते, कुरिअर बँकेला भितं, आणि या भीतीत एका पोरीचा श्वास अडकतो.

दुबईच्या पत्त्यावर ‘हळदीचा नमुना’ म्हणून पाठवू, तिथून पुढे जाईल, असं मीच सुचवलं.

"नमुन्यावर लिवलंय त्येच आत असतं, गड्या," चाचा म्हणाले. "सगळी हयात त्या बोलीवर काढली."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन उभे राहिले. "पोरीला परत फिट आली म्हनं. लिव. नमुना लिव."

मी टाइप केलं. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाच आठवड्यांनी खोकं कस्टमच्या शिक्क्यासह परत आलं. गोळ्या जशाच्या तशा होत्या. हळकुंडाचे मात्र दोन तुकडे झाले होते.

"कुनीतरी मोडून बघितलंय," चाचा एवढंच बोलले.

त्या दिवसापासून इराणचा फोन नुसता वाजत राहिला. चाचांनी तो उचलला नाही, पुन्हा हळकुंडही मोडलं नाही. पोत्यापुढे बसायचे, हात मांडीवर. पावसाळा संपता संपता ते गेले. खोकं माझ्याकडे आहे. गोळ्यांची मुदत अजून संपलेली नाही.

तुमच्या बँकेत जा, कुरिअरच्या काउंटरवर जा. औषधाला बंदी आहे का, विचारा. ‘नाही’ म्हणाले, तर का जात नाही ते लेखी मागा. तो कागद हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.