तार तुटली तर?

मला सिग्नलचं जे काही कळतं, ते सरांच्या अंगठ्यामुळे. दर शनिवारी दुपारी अंधेरी यार्डाजवळच्या खोलीत ते रेल्वेतल्या आम्हा नव्या सिग्नल इंजिनिअरांना शिकवायचे. कॉलेजात आम्ही सिग्नल चालतो कसा ते शिकलो होतो. सरांना तो बिघडतो कसा यातच रस. फळ्यावर कुणी सर्किट काढलं की ते अंगठ्याने एक रेघ पुसायचे. "तार तुटली. आता बोल, सिग्नल कुठला?" उत्तर एकच हवं, लाल, म्हणजे गाडी थांबेल. चुकलं की म्हणायचे, "वाट लागली! माणसं बसलीत ना रे गाडीत?" त्यांच्या शर्टाच्या खिशावर कायम अंगठ्याचा पांढरा ठसा असे.

एकदा बोरिवलीला आम्ही नवं सर्किट जोडलं, सरांनीच काढलेल्या नकाशावरून. सिग्नल हिरवा झाला, सगळे खूश. गाड्या खोळंबल्या होत्या, कंट्रोल रूमचा फोन सारखा वाजत होता. मी चाचरत म्हटलं, "सर, एक तार सोडवून बघायची राहिलीय."

सरांनी फोन उचलला. "उशीर माझ्या नावावर टाका. पोरगी तपासतेय."

मी तार सोडवली. सिग्नल हिरवाच राहिला.

जोडणी दुरुस्त होईपर्यंत सरांनी तो सिग्नल वापरू दिला नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी तोच नकाशा फळ्यावर काढला आणि खडू माझ्या हातात दिला. "सांग यांना, मी कुठे चुकलो ते." स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी कशीबशी सुरुवात केली. मागून आवाज आला, "मोठ्याने बोल गं, इथे ऐकू येत नाही."