नदीच्या वाटेतला डोंगर

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती आणि मोहरीची शेतं शेजारी-शेजारी होती. भूगोलात एम.ए. करून मी पुण्याहून तिथे आले, ती नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून. कामं परदेशातून येत. त्या वर्षी आलेलं काम ऐकून मला हसूच आलं. समुद्रापासून इतक्या लांब बसून आम्हाला कोकणासमोरचा समुद्राचा तळ उभा करायचा होता.

हिमयुगात समुद्राचं पाणी खूप खाली होतं आणि किनारा कितीतरी मैल पश्चिमेला. तिथे नद्या वाहत होत्या, कदाचित माणसंही राहत असतील. जुन्या सागरी नकाशांवर ठिकठिकाणी खोलीचे आकडे असतात. ते संगणकात भरायचे, सारख्या खोलीचे बिंदू जोडायचे, की बुडालेली जमीन हळूहळू वर यायला लागते. माझ्या वाट्याला आलेला तुकडा नेमका आमच्या गावासमोरचा होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. काढून घेतील, अशी उगाच भीती वाटली.

तीन आठवड्यांत आमच्या खाडीपासून समुद्राखाली पुढे जाणारी दरी सापडली. नदीची जुनी वाटच ती! पण थोडं पुढे एक लांबट डोंगर आडवा आला आणि नदी त्याला वळसा घालून उत्तरेला गेली. आमचे साहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले पंजाबी भूगर्भतज्ज्ञ, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "नदी है, कहीं भी मुड़ सकती है."

त्याच आठवड्यात बाबा आले. जन्मभर ते मच्छीमार होडीवर तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. मुलगी दिल्लीकडे नक्की काय करते, हे त्यांना गावात कोणाला नीट सांगता येत नव्हतं. म्हणून शनिवारी मी त्यांना ऑफिसात नेलं.

पडद्यावरचे रंग त्यांना आधी काही उमगेनात. मग मी खाडीचं मुख दाखवलं, दीपगृहाचं टोक दाखवलं, आणि त्यांचं बोट आपोआप काचेवरून चालायला लागलं.

"इथून गाळ लागतो. दोन्ही अंगांना वाळू, मध्ये काळा गाळ. सरळ जातो नैर्ऋत्येला." बोट थांबलं. "हे काय?"

"डोंगर आहे, बाबा."

"कसला डोंगर? चाळीस वर्षं जाळं ओढलं मी इथे. एकदा अडकलं नाही."

"अहो, जुन्या नकाशांतल्या आकड्यांवरून आलंय ते."

"आकडे कशात मोजलेत?"

"मीटरमध्ये."

"जुन्या काळी कुठला मीटर? आम्ही वावात मोजायचो." एक वाव म्हणजे किती, ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात फैलावले. शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली वाकली म्हणून वाचली.

मी कागदी नकाशा काढून भिंग लावलं. नैर्ऋत्येकडची पट्टी दुसऱ्या, आणखी जुन्या मोजणीतून जोडलेली होती. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, आकडे फॅदममध्ये, म्हणजेच वावात. वाव म्हणजे सहा फूट. मी ते मीटर समजून भरले होते, त्यामुळे पाण्याची खोली जवळजवळ निम्मी झाली आणि तळ डोंगर होऊन वर आला. तशीच साहेबांकडे गेले आणि चूक कबूल केली.

ते खो-खो हसले. "अच्छा! पहाड़ तुमने बनाया, बाबूजी ने हटाया!"

दुपारपर्यंत आकडे सुधारले. डोंगर बुडाला आणि नदी सरळ नैर्ऋत्येला धावली. बाबांनी आणि मी एकदमच "गेली!" म्हटलं. साहेबांनी जिलबी मागवली, बाबांना शेजारी बसवलं आणि पाच वाजेपर्यंत त्यांना प्रश्न विचारले. मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करत बाबांनी गाळ, वाळू, खडक सगळं नकाशावर टिंबांनी दाखवलं.

शेवटी साहेबांनी अहवालात इंग्रजीत एक ओळ घातली आणि मला तिचा अर्थ सांगायला लावला. मी सांगितलं, "तळाची माहिती एका स्थानिक मच्छीमाराकडून मिळाली, असं लिहिलंय."

बाबांनी जिलबीचे हात रुमालाला पुसले. "मच्छीमार गावात पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "त्यांना सांग, तांडेल लिहा."

साहेबांनी स्पेलिंग विचारून घेतलं.