समोरच्या सिस्टर आणि अप्पांची पाठ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सिस्टरना या जगात नीट झोपलेला एकही माणूस आजवर सापडलेला नाही. नीट बसलेलाही नाही, पण बसलेल्यांना त्या एक वेळ माफ करतात. इस्पितळाच्या वॉर्डात उमेदीची सगळी वर्षं घालवून त्या निवृत्त झाल्या आणि इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, तेव्हापासून आमची अख्खी बिल्डिंग हाच त्यांचा वॉर्ड. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून हमरीतुमरी चालली असताना एकदा त्या उठून उभ्या राहिल्या. आता काहीतरी मोलाचं ऐकायला मिळणार म्हणून सगळे गप्प झाले, तर त्यांनी पुढे जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांच्या कमरेमागे स्वतःची पर्स खोचली. "काका, ऐसा टेढा बैठोगे तो गुस्सा आएगाच ना!" म्हणाल्या. काकांचा आवाज खरोखरच खाली आला. एका बारशाला तर बायकांचं पाळणा म्हणणं ऐन रंगात आलं असताना त्यांनी हात घालून बाळाची मान सरळ केली. बाळाने भोकाड पसरलं, आजीबाईंनी नाक मुरडलं. "रडू दे की, पण सरळ मानेने रडू दे," एवढं बोलून सिस्टर घुगऱ्या खायला बसल्या.

त्यांच्या घरात माणूस एक आणि उशा एकोणीस. खारी गावातल्या एका गादीवाल्याकडून त्या उशा करवून घेत आणि हापूस घेतल्यासारख्या दाबून, उलटसुलट करून, दोनचार तरी परत करीत. एकदा मी सोबत होतो. त्यांनी वीतभर लांबीची उशी मागितल्यावर गादीवाल्याने विचारलं, "बच्चे के लिए है क्या?" "नहीं, एडी के लिए," सिस्टर स्वतःच्या टाचेकडे बोट दाखवत अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या. मी पोट धरून हसलो. पुढच्याच महिन्यात माझ्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ती वीतभर उशी आमच्या घरी आली.

सिस्टरना कुणी बोलावलं नव्हतं. अप्पांना इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी मी त्यांना काखेत हात घालून पलंगावर वर ओढत होतो, तोच मागून आवाज आला, "थांब! माणूस आहे तो, गॅसचा सिलिंडर नाही." मग त्यांनी अप्पांच्या खाली एक आडवी चादर घातली आणि ती दोन्ही बाजूंनी धरून ओढायचं नाही, उचलायचं, हे मला आणि माझ्या बायकोला शिकवलं. कुशीवर पूर्ण वळवायचं नाही, थोडं कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, लुळ्या हाताखाली उशी, आणि टाचा गादीला टेकता कामा नयेत. दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि प्रत्येक वेळी आधी अप्पांना विचारायचं. "अप्पा, आता आपण गॅलरीकडे बघू या हं," असं त्या म्हणत आणि अप्पांच्या डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत हात लावत नसत. बोलता न येणाऱ्या माझ्या वडिलांशी त्या दिवसांत सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर सिस्टर.

एकदा मी कुरकुरलो, की दोन दोन तासांनी त्यांना छळायचं कशाला. त्यांनी मला दिवाणावर उताणं झोपवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. पंधरा मिनिटांत नाक खाजायला लागलं, वीस मिनिटांत कंबर भरून आली. "सिस्टर, हलू का?" मी विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघ, तुला विचारता तरी येतंय." मी पुन्हा कुरकुर केली नाही.

पण शहाणपणा शिकलो, असंही नाही. भाचीच्या लग्नासाठी सिस्टर चार दिवस रत्नागिरीला गेल्या. जाताना आमच्या फ्रीजवर एक तक्ता चिकटवून गेल्या. उभ्या रकान्यात वेळा, आडव्या रकान्यात डावी, पाठ, उजवी. पहिल्या दिवशी सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा उताणे, इतके शांत झोपले होते की मला त्यांना हलवण्याचा धीर झाला नाही. आजारपणात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसत होता. झोपू दे बिचाऱ्यांना, म्हणून मी बसून राहिलो. ती दुपार गेली, मग संध्याकाळ, मग तिसराही दिवस तसाच. मी त्याला प्रेम समजत होतो. आणि माझा जन्म गेलाय ऑफिसात कारकुनी करण्यात. रिकामा रकाना मला बघवत नाही. रोज जेवण झालं की मी बसून त्या दिवसाच्या सगळ्या खुणा करून टाकीत असे.

सिस्टर परत आल्या त्या हातातली पिशवी न ठेवताच अप्पांकडे गेल्या. त्यांना कलतं केलं, कमरेखालच्या लाल डागावर अंगठा दाबून उचलला. लाली तशीच राहिली, म्हणजे कातडीखाली इजा सुरू झाली होती. मग त्यांनी फ्रीजवरच्या तक्त्याकडे पाहिलं. एका पेनाने, एका दमात केलेल्या खुणा त्यांना कळणार नाहीत, असं कसं होईल? मला एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या अप्पांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, आमचं चुकलं हं." माझं एकट्याचं चुकलं होतं, त्या 'आमचं' म्हणाल्या.

आठवडाभरात तिथे बोराएवढी जखम झाली. ती भरायला अडीच महिने लागले. सिस्टर रोज येऊन ती धूत, पट्टी बांधत, आणि "आज कडेने गुलाबी कातडी आलीय," असं एखाद्या नातीचं कौतुक सांगावं तसं सांगत. ती जवळजवळ मिटली तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्याला शिरा वाटला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर अप्पांच्या छातीत कफ साठला आणि त्यांना पुन्हा इस्पितळात ठेवावं लागलं. आठ दिवस अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर सिस्टर माझ्यासोबत बसून होत्या. आत सोडत फक्त मला, पाच मिनिटं. बाहेर आलो की त्यांचा एकच प्रश्न, "कुठल्या कुशीवर आहेत?" तिथल्या नर्स मुलीही बिचाऱ्या वेळच्या वेळी वळवत होत्या, पण अप्पांच्या शरीरानेच आता हात टेकले होते. नवव्या दिवशी सकाळी ते गेले.

घरी आणल्यावर आंघोळ घालायला आम्ही पुरुष मंडळीच होतो. बायका बाहेर जिन्याशी उभ्या होत्या. चुलतभावाने अप्पांना कुशीवर धरलं आणि मी पाठीवर पाणी घातलं. जखम पुन्हा उघडली होती. तळहाताएवढी. 

बाहेर आलो तेव्हा सिस्टर दाराशीच होत्या. डोळे कोरडे, पदर घट्ट खोचलेला. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "पाठ कशी होती रे?"

"मिटली होती, सिस्टर," मी म्हणालो. "अगदी स्वच्छ होती."

त्यांनी डोळे मिटले, भिंतीला टेकल्या आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना आलं. "सुटले रे अप्पा," एवढंच म्हणत राहिल्या.

याला आता वर्ष होत आलं. सिस्टर अजूनही संध्याकाळी चहाला येतात, मी वाकडा बसलो की पाठीमागे उशी खोचतात आणि मधूनच आठवण काढतात, "अप्पा गेले, पण धड अंगाने गेले हो." मी मान डोलावतो. एक दिवस त्यांना खरं सांगून टाकायचं, असं मी रोज ठरवतो. पण हे म्हणताना त्यांच्या तोंडावर जे समाधान येतं, ते बघितलं की माझ्याने बोलवत नाही.