नऊपैकी दोन गाणी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या हॉस्पिटलात माझ्या बायकोची रेडिओथेरपी सुरू झाली. तिथे मशीनखाली झोपताना आपल्या आवडीची सीडी लावून मिळते. आमच्या आधी नंबर असलेले म्हातारे इंग्रज गृहस्थ रोज एका ब्राझिलियन जॅझ गायिकेचा अल्बम आणायचे आणि बाहीला पुसून आत द्यायचे. त्यात नऊ गाणी होती. उपचार दोन गाण्यांत संपायचा.

हिनं पर्समधून आपली लाडकी सीडी काढली, तसे ते म्हणाले, "ती इथे नको लावूस, डिअर. बायको होती तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही हा अल्बम ऐकायचो. आता इथे रोज ऐकून घरीही पहिला सूर लागला की मळमळतं."

"मग आणता कशाला?" मी विचारलं.

"हा बिघडलाच आहे. आणखी एक कशाला बिघडवू?"

हिचा नंबर आला. "काय लावू?" आतल्या मुलीनं विचारलं.

"काही नको," ही म्हणाली. "बंदच राहू दे."