प्रशिकचा प्रोसेसर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर माझ्या पत्रकांवरून, म्हणजे चुकीचं ओळखता.

मी पत्रकं लिहितो. मीरा-भाईंदरच्या पाण्यावर, टँकरवाल्यांवर, भेटीची वेळ देऊन गायब होणाऱ्या अधिकाऱ्यांवर. ‘जबाब द्या’ हे माझं आवडतं वाक्य. किती जणांच्या नरड्यावर ते ठेवलं असेल मी?

२००७ची गोष्ट. आमच्या कलापथकात प्रशिक गिटार वाजवायचा. मूळचा जालन्याकडचा, इथे भाईंदर पूर्वेला एका खोलीत चौघं. आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर. कुरिअरची कामं करून त्याने एक प्रोसेसर घेतला होता — गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची चपटी पेटी. बाजारातली सगळ्यात स्वस्त.

त्या पेटीबद्दल मी पुढे आमच्या चार पानी मासिकात टिपण लिहिलं. त्यात फक्त दोष होते. खरे होते ते, खोटं मी दुसरीकडे वागलो. अंग प्लास्टिकचं. एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर सगळं बंद पडायचं, गाण्याला उचकी लागल्यासारखं. जोरकस आवाज लावला की पत्र्याच्या डब्यात माशी. सेल एका सभेत संपायचे, म्हणून अडॅप्टर हवाच.

आणि गुण? ते मी लिहिले नाहीत. भाड्याच्या फुटक्या स्पीकरमधूनही ती पेटी अख्खी गल्ली भरायची. ढोलकीवाला आला नाही तर ठेका आतच होता. हेडफोन लावला की एका खोलीत, चार माणसांत, कुणाला त्रास न देता सराव करता यायचा — याहून मोठा गुण काय असतो? पन्नास आवाजांतले चार कामाचे होते. त्या चारांवर त्याने पाण्याचं एक गाणं बांधलं होतं. स्वतःचं, पहिलं.

ते गाणं इंद्रलोकच्या नाक्यावर व्हायचं होतं. आई पहिल्यांदाच ऐकायला येणार, म्हणून तो तिला रिक्षास्टँडवरून आणायला गेला. जाताना म्हणाला, “दादा, वायरी राहू द्या, मी येऊन लावतो.”

मला घाई होती. परवानगीची वेळ संपत आली होती, आणि — खरं सांगू? — दुसऱ्यासाठी थांबायची मला सवयच नाही. त्याचा अडॅप्टर त्याच्या पिशवीत होता, मेगाफोनचा चार्जर हाताशी; पिन बसली. पेटीला नऊ व्होल्ट लागतात, चार्जर बाराचा. पेटीच्या पोटाखाली लिहिलेलं होतं. शासन निर्णयांतली बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारा मी, ते वाचलं नाही. लाल दिवा लागला, करपट वास आला, दिवा गेला. मी चार्जर उपसून माझ्या पिशवीत टाकला आणि प्रशिकचा अडॅप्टर काढून चार्जरच्या जागी लावून ठेवला.

चार्जर लावला ती चूक होती. अडॅप्टर जागी लावला, ती चूक नव्हती.

प्रशिक आला, पायाने दाबत राहिला. गिटार थेट स्पीकरला लावेपर्यंत हवालदाराने घड्याळ दाखवलं. समोरचा दुकानदार म्हणाला, “क्या भाई, तुम्हारा भी पानी चला गया?” लोक हसले. त्याची आईही हसली — इतरांकडे बघून, थोडी उशिरा.

आमच्याकडे पद्धत आहे. कार्यक्रमानंतरच्या बैठकीत प्रत्येकाने उभं राहून आत्मटीका करायची. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, आपलं आपण सांगायचं. त्या रविवारी प्रशिक उभा राहिला. “साथींनो, मी स्वस्तातली वस्तू आणली, तपासली नाही. कार्यक्रम माझ्यामुळे पडला.” बैठक मी चालवत होतो. मी म्हणालो, “अजून नेमकं सांग.”

हो, म्हणालो मी हे. मग तो नेमकं सांगायला लागला — हौस होती, आईसमोर मिरवायचं होतं. मी वहीत उतरवून घेतलं. खोलीत बाकी आम्ही सगळे रत्नागिरी-रायगडचे, वरच्या जातींचे. उभा कोण आहे आणि वही कुणाच्या हातात आहे, हे त्या समतेच्या बैठकीत कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पत्रकं उशिरा छापून आल्याची आत्मटीका केली.

पंधरा दिवसांनी तो दुरुस्तीवाल्याकडून आला. “तो म्हणतो जास्तीचा करंट गेलाय. म्हणजे आदल्या रात्री घरी मीच काहीतरी उलटंसुलटं लावलं असणार ना, दादा?”

तो खरंच विचारत होता. दारात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “होतं असं.” आणि त्याच आठवड्यात टिपण लिहिलं, ‘स्वस्त बाजाराचा फसवा आवाज’. नाव घातलं नव्हतं. गरजच काय होती?

पाण्याचं गाणं कुणी ऐकलंच नाही. गिटार त्याने मावसभावाला देऊन टाकली — माझ्या हातात वस्तू टिकत नाही, म्हणाला. कलापथक मात्र सोडलं नाही. मोर्च्यात बॅनरचं एक टोक धरून चालायचा. दुसरं टोक बहुतेक वेळा माझ्या हातात असायचं.