बोटीवर गेलेला पोरगा माझ्याच खानावळीत

उल्हासनगरात माझी खानावळ आहे आणि वरच्या मजल्यावर बोटीवर पोरं पाठवणारी एजन्सी. म्हणजे पाठवतात असं बोर्डावर लिहिलंय! पोरं जिना चढतात, वर "नेक्स्ट वीक" ऐकतात आणि खाली येऊन माझ्याकडे जेवतात. ताटं मी घासून टाकते, पण या पोरांच्या गोष्टी मागे राहतात. बारवी धरणाकडच्या पाड्यावरच्या किसनच्याच किती झाल्यात!

* * *

एजन्सीत इंटरव्ह्यू घ्यायला एक कॅप्टन बसायचा. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. त्या पट्ट्या आमच्या गल्लीतल्या टेलरने शिवलेल्या, मी स्वतः बघितल्यात. प्रत्येक पोराला दरडावून एकच सवाल, "बोट लागली तर काय करशील?" किसन बिचारा घाबरून चाचरायला लागला, तर म्हणे, "तुझं कठीण आहे!"

एकदा हा कॅप्टन पोरांना घेऊन अंबरनाथ एमआयडीसीकडे निघाला. रस्ता कसला, नुसते खड्डे! मोरिवली यायच्या आत साहेबांनी रिक्षा थांबवली आणि भडाभडा ओकले. किसनने पाण्याची बाटली पुढे केली आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, रिक्षा लागली तर काय करायचं?"

* * *

मग वरून सांगितलं, जॉइनिंग पक्कं, सोमवारी बॅग घेऊन ये. पाड्यावर काय आनंद! नाक्यावर फ्लेक्स लागला. किसन गॉगल घालून, मागे भलंमोठं जहाज, खाली सगळ्या पाड्याचे फोटो. आईने हातावर दही ठेवलं. पोरगा सोमवारी बॅग घेऊन हजर.

वर मॅडम म्हणाली, "नेक्स्ट वीक!"

खाली येऊन माझ्यासमोर मान खाली घालून बसला. मी म्हटलं, "अरे रड्या, मग घरी जा ना. रडतोस काय?"

म्हणाला, "मावशी, घरी जायला त्या फ्लेक्सखालूनच जावं लागतं."

मागच्या खोलीत जागा दिली आणि भाकऱ्या थापायला बसवलं. फुकट बसवून ठेवणारी मी नाही.

* * *

आईला वाटतंय पोरगा समुद्रात. तिचा फोन आला की मी मिक्सर चालू करायचा, असं ठरलेलं. "आई, इंजिनचा आवाज आहे!" म्हणून हा ओरडायचा. खोबऱ्याची चटणी कधी नव्हे ती इतकी बारीक वाटली गेली, गिऱ्हाईक खूश!

एकदा भर फोनमध्ये दारात भंगारवाला आला आणि लागला बोंबलायला, "ए भंगारवालाऽऽ! टीन, लोखंड, भंगाऽऽर!"

किसनचा चेहरा पांढरा. पण पोरगं हुशार. म्हणालं, "आई, आम्ही बंदरात आलोय. इथं जुनी जहाजं मोडतात!"

* * *

एवढं झालं तरी दुसऱ्या एजन्सीत जायची सोय नाही. का? तर पासपोर्ट वरच्यांनी दाबून ठेवलेला. पोरगं दुसरीकडे जाऊ नये म्हणून हीच त्यांची रीत! मी वर गेले. पासपोर्ट मागितला तर मालक म्हणतो, "मावशी, प्रोसेसमध्ये आहे. तुम्हाला नाही कळायचं."

बरं. सगळ्या ऑफिसचा दुपारचा डबा माझ्याकडून जातो. दुसऱ्या दिवशी पाठवलाच नाही. जिन्यावरूनच मालक ओरडला, "मावशी, डबा कुठंय?"

म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे!"

"अहो, भूक लागलीय!"

"नेक्स्ट वीक!"

संध्याकाळी रिकाम्या डब्यांची पिशवी खाली आली. डब्यांच्या मधे किसनचा पासपोर्ट. मग डबा सुरू केला, पण त्या आठवड्यात भाजीला मीठ मी जरा हात सैल सोडूनच टाकलं.

* * *

आता किसनने सरकारी परवाना असलेल्या ऑफिसात नाव घातलंय. तिथे गोड बोलत नाहीत. वेळ लागेल, म्हणून तोंडावर सांगतात. पण घरी जायचं नाव काढलं की पोरगा मान खाली घालतो. "बोट मिळाल्यावरच जाईन मावशी. आईला काय तोंड दाखवू?"

परवा भर दुपारी दारात एक बाई, डोक्यावर रानातल्या कंटोळ्यांची पाटी. आतून परातीचा धाडकन आवाज आला आणि किसन मोरीत जाऊन लपला. मी समजले.

बाईला बसवलं, जेवायला वाढलं. म्हटलं, "कुठल्या तुम्ही?"

"बारवीकडची. माझा पोर बोटीवर हाय."

"अरे वा!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाईने भाकरी हातात घेतली, उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. मग सावकाश खाल्ली. दुसरी मागून घेतली. "भाकऱ्या कोन करतं?"

"बाई ठेवलीय," मी ठोकून दिलं.

हात धुवून तिने पाटी उचलली. दाराशी थांबली आणि मोरीच्या पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "तुझ्या त्या बाईला सांग, काठ अजून जाडाच ठेवते ती. आन् भाताच्या लावणीला मानूस कमी पडतंय म्हनावं. घरी ये. बोट काय, मिळंल सावकाश."